खुर्ची रिकामी, पंखा सुरू

छापून आलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. घरचे म्हणतात, हा स्वभाव आहे. मी म्हणते, ही नोकरी आहे. तहसील कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काही वर्षं काढली की कुणाचाही असाच स्वभाव होईल. काल आपल्या डोळ्यांसमोर जे घडलं, ते आज पेपरात वाचायचं आणि दोन्हींचा काही संबंध लागतो का ते पाहायचं, हा माझा सकाळचा उद्योग. बहुतेक दिवशी लागत नाही. काल साहेब नुसते "बघतो" म्हणालेले असतात, आज पेपरात त्यांनी "ठोस आश्वासन" दिलेलं असतं. काल सहा जण आलेले असतात, आज "शेकडो नागरिक" असतात. एका तालुक्याच्या कार्यालयाची ही गत, मग दिल्लीच्या आणि अमेरिकेच्या बातम्यांचं काय होत असेल, असं वाटून मी पान उलटते.

माझं टेबल म्हणजे आलेला प्रत्येक कागद घ्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पुढे पाठवायचा. त्यात निवेदनं फार. आमच्याकडे कुठल्याही दुःखावर पहिला इलाज निवेदन. नाली तुंबली, निवेदन. कापसाचा भाव पडला, निवेदन. जगाच्या पाठीवर कुठे युद्ध पेटलं तरी आमच्या तालुक्यातली आठ-दहा माणसं पांढरे कपडे घालून येतात आणि तहसीलदारांमार्फत पंतप्रधानांना कळवतात की हे थांबलं पाहिजे. मी हसत नाही. माणसांची तळमळ खरी असते. पण तळमळीपेक्षा फोटो जास्त खरा असतो. साहेबांच्या दालनात सगळे ओळीनं उभे राहतात, पुढाऱ्यानं कागदाचं एक टोक धरायचं, साहेबांनी दुसरं, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं. त्या कागदाकडे कुणीच पाहत नाही. तो मी पाहते, नंतर, क्रमांक टाकताना. अशी कितीतरी युद्धं मी फायलीला लावली आहेत.

माझं घर पवनारला आणि नोकरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. रोज जाणं-येणं होत नाही, म्हणून नोकरीच्या गावी एक खोली घेतलेली. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारी पहाटे परत. पाच दिवसांचा आठवडा सरकारनं दिला आहे, हे खरं. पण तो आठवडा शनिवारीच फोनवर वाजायला लागतो. ऑफिसचा ग्रुप आहे, त्यात "तातडीचे" असं लिहून येतं आणि खाली तीन उद्गारचिन्हं असतात. कधी मतदार यादी, कधी शिबिर, कधी कुण्या मोठ्या साहेबांचा दौरा. टीव्हीवर कोट घातलेली माणसं बसून काम आणि घर यांचा तोल कसा साधावा यावर बोलतात, तेव्हा मला त्यांच्या घरी भाकरी कोण टाकतं ते विचारावंसं वाटतं.

घरी नवरा, त्याची आई आणि आमची मुलगी. मुलगी अकरावीत, वर्ध्याला कॉलेजात जाते. मी इकडे आले तेव्हा ती आठवीत होती. तेव्हापासून माझा एकच जप, वर्ध्याला बदली. विनंती अर्ज केलेला होता आणि या वेळी काम होईल असं वरून कळलेलं होतं. आमच्या नायब साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, "यादी निघेपर्यंत शांत राहा मॅडम. नाव कशात येऊ देऊ नका." मी शांतच होते. मी शनिवारची कामंही तोंडातून चकार शब्द न काढता केली. त्यापायी लागोपाठ दोन आठवडे घरी जाणं झालं नव्हतं. मुलीला फोनवर म्हटलं, "येत्या शनिवारी नक्की." ती म्हणाली, "हाव."

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी पेपर उघडला, आतल्या पानावर माझी खुर्ची.

मी ती लगेच ओळखली. पाठीवर टाकलेला हिरवा टॉवेल माझा, तुटका डावा हात माझ्याच खुर्चीचा. वर मथळा, "खुर्ची रिकामी, पंखा सुरू". खाली मजकूर, की तहसील कार्यालयातले कर्मचारी कामाच्या वेळेत जागेवर नसतात, जनतेच्या पैशावर पंखे मात्र गरगरतात, आणि दूरवरून आलेल्या एका विद्यार्थिनीला ताटकळत बसून शेवटी आल्या पावली परत जावं लागलं.

माझं डोकं गरम झालं. आधी पंख्याचं सांगते. तो पंखा एकदा बंद केला की आपणहून फिरत नाही, त्याला काठीनं ढकलावं लागतं, म्हणून आम्ही तो दिवसभर बंदच करत नाही. आता माझं. मी होते कुठे? त्याच कार्यालयात, दहा पावलांवर, साहेबांच्या दालनात! साहेब आणि नायब साहेब दोघंही बैठकीला वर्ध्याला गेलेले, आणि नेमकं त्या दिवशी युद्ध थांबवणारं शिष्टमंडळ आलं. टेबलावर निवेदन घेते म्हटलं तर ऐकेनात. फोटोत मागे साहेबांच्या नावाची पाटी यायला हवी. शेवटी दुसरं टोक धरायला मला उभं केलं. एक फोटो झाला तर कुणाचे डोळे मिटलेले. दुसऱ्या वेळी एक जण धावत आला, म्हणाला, मी राहिलो. मग पुन्हा सगळी ओळ लावली. माझा मोबाइल इकडे ड्रॉवरमध्ये, खुर्ची रिकामी, पंखा सुरू.

आणि कहर पाहा, त्या निवेदनाचा फोटोही त्याच पानावर, माझ्या खुर्चीच्या खालीच! "जागतिक शांततेसाठी तहसीलदारांना निवेदन." तहसीलदार वर्ध्याला होते, पण छापून आलं म्हणजे ते इथेच. फोटोत सगळे पांढरे कपडे नीट आलेले. मला मात्र कडेला कापलेलं. कागदाचं टोक धरलेला एक हात तेवढा राहिला होता, मनगटावर घड्याळ. जगात शांतता आणायला गेलेला माझा हात आणि कामचुकारपणानं रिकामी पडलेली माझी खुर्ची, एकाच पानावर.

पण मला सगळ्यात राग आला तो त्या विद्यार्थिनीचा. ही यांनी कुठून आणली? बातमी कोरडी वाटली की हे लोक त्यात एक म्हातारा नाहीतर एक विद्यार्थिनी घालतात, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव कळवळतो. सगळ्या मजकुरात मला तीच ओळ धादांत खोटी वाटली.

दुपारपर्यंत नायब साहेबांनी बोलावून खुलासा मागितला. लेखी. "वरून फोन आला आहे," म्हणाले. मी पानावरचा हात दाखवला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, हाताला नाव नसतं."

खुर्चीलाही नाव नसतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा डोक्यात एकच होतं. यादी आता निघायची, आणि माझ्या नावापुढे हे.

फोटो काढला कुणी? मी बातमी सोडून फोटोच पाहत बसले. फोटो आतून काढलेला होता, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून. चौकटीत माझं टेबल अख्खं, आणि शेजारचं टेबल नेमकं सुरू होतं तिथे फोटो संपत होता. शेजारचं टेबल माझ्या सहकारी बाईचं. तिचंही घर वर्ध्याकडचंच. तिनंही बदलीचा अर्ज केलेला. मी तिला विचारलं, तू तेव्हा कुठे होतीस? "अभिलेख कक्षात," म्हणाली. म्हणजे तिचीही खुर्ची रिकामी होती, पण फोटोत ती नाही! संशयाला एवढं पुरे होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक वेळ येऊ शकते, हे मला कळतं. पण माझा अनुभव असा की कावळ्याला फांदीची आधीच माहिती असते.

आम्ही दोघी रोज एका डब्यात जेवायचो. त्या दिवशी तिनं पाटवड्यांचा रस्सा आणला होता, मला आवडतो म्हणून. मी म्हटलं, भूक नाही. आणि भिंतीकडे तोंड करून माझी पोळी खाल्ली. तिनं रस्सा तसाच झाकून ठेवला. तेही मला पुरावाच वाटलं.

मग शिपायाला धरलं. तो जुना माणूस, सगळ्यांवर त्याची नजर असते. म्हणाला, "एक पोट्टी आलती मॅडम. तुमच्या टेबलापुढंच बसून होती. मी म्हनलं तिले, बस, येतेच मॅडम पाच मिनटात."

"मोबाइल होता का तिच्या हातात?"

"मोबाइल तं आता म्हशीपाशीबी राह्यते मॅडम."

"काय काम होतं तिचं?"

"इचारलं नाई. दाखल्याच्या पोट्ट्या येतच राह्यतेत. बसली, बसली, अन् गेली उठून."

म्हणजे विद्यार्थिनी होती तर! पण तेवढ्यानं मी बधले नाही. उलट माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पेपरवाल्यांनी पोरगी पाठवली असणार, सहकारी बाईनं वेळ कळवली असणार, निवेदनवाल्यांनी मला अडकवून ठेवलं असणार. युद्ध थांबवायला आलेली माणसं माझ्याविरुद्धच्या कटात सामील आहेत, इथवर मी पोचले. आज सांगताना हसू येतं. त्या दिवशी मी ते अगदी शांत डोक्यानं मानत होते.

शुक्रवारी निघाले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण डोक्यात खुलाशाचीच वाक्यं. वाटेतलं आंजी गाव केव्हा मागे पडलं ते कळलं नाही. वर्ध्याला बस बदलून पवनारला पोचले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच. त्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्या वस्तीत पेपर बुद्धविहारात येतो, तिथे एक जण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे त्यावर मत देतात. त्यामुळे माझी खुर्ची सगळ्या वस्तीनं पाहिली होती.

जेवायला बसलो. नवऱ्यानं विचारलं, खुलाशात काय लिहिणार. मी सुरू झाले ते थांबलेच नाही. सहकारी बाई, शिपाई, पेपरवाला, सगळ्यांना एकेक करून सोललं. आत्याबाई माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे.

"रोज पंचशील म्हनाले लावा या पेपरवाल्यायले," त्या म्हणाल्या. "अन् ज्यानं थो फोटू काढला ना, त्याचे हात झडो. लेकराबायाची बाई, घरदार सोडून तिकडं पडली हाये, अन् तिचीच खुर्ची सापडली त्याले!"

"हात नाही, डोळे फुटो," मी म्हटलं. "नेमकं पाहून काढला आहे."

मुलगी खाली पाहून भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत होती. बराच वेळ बुडवतच होती. मग तिनं तो तसाच ताटात ठेवला.

"मी काढला," ती म्हणाली.

नवऱ्याला वाटलं ती थट्टा करते आहे. मलाही. "काय काढला?"

"फोटो. खुर्चीचा. मी आलती तुह्या ऑफिसात."

आत्याबाईंनी हात झडायचं म्हटलेलं तसंच हवेत राहिलं. त्यांनी पटकन तिच्या हातावर हात ठेवला, जणू तो शाप परत घ्यायचा होता.

तिनं मोबाइल आणून माझ्यापुढे धरला. तोच फोटो, पण अख्खा. तो तिनं घरच्यांना दिसणार नाही असा स्टेटसला ठेवलेला होता, आणि खाली लिहिलं होतं, "आई घरी नसते, कारण ऑफिसात असते. ऑफिसात गेले तर ही खुर्ची. मग माझी आई राहते तरी कुठे?"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"काऊन आलतीस?" आवाज माझाच होता, पण घरच्या बोलीत फुटला. रागावले की मी तशी बोलते. घाबरले तरी.

"काई नाई. जेवाले. तुह्यासंग." ती जमिनीकडे पाहत म्हणाली. "डबा घेऊन आलती. फोन केला, तं तू उचलत नव्हती. थो काका म्हने, येतेच पाच मिनटात. मंग माही बस होती."

"आणि डबा?"

"बसमधी खाल्ला."

तिचा तो मिस्ड कॉल मी नंतर पाहिला होता, आणि करू संध्याकाळी म्हणून विसरले होते. मला रडू आलं नाही. यावं असं वाटत होतं, म्हणजे तिला बरं वाटलं असतं. मी नुसती विचारत सुटले, थांबली का नाहीस, दालनात का नाही आलीस, चिठ्ठी का नाही ठेवलीस. चौकशी करायची सवय. ती म्हणाली, "आजीबी म्हनते, येते आई शनिवारी. तूबी म्हनतेस. मी थांबतोच ना घरी. तिथंबी थांबू काय?" मग उठून हात धुवायला गेली.

सकाळी मी विहाराजवळ पेपरवाल्याला गाठलं. तो आमच्याच वस्तीतला, पेपर वाटतो आणि त्याच पेपराला बातम्याही देतो. पेपरच्या बिलासाठी घरोघरचे नंबर त्याच्याकडे असतात, त्यात माझ्या मुलीचाही. स्टेटस त्याला तिथे दिसलं. मी काही बोलायच्या आधीच तो सायकल स्टँडवर लावून म्हणाला, "वयनी, नाव टाकलं काय मी तुमचं? सांगा."

"मजकूर कापलास तू तिचा."

"कापाच लागते. जागा नसते. ऑफिसातून रोज फोन, काई पाठव, काई पाठव. नाई पाठवलं तं म्हनतेत, तुह्या तालुक्यात काई घडतच नाई काय?" त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पहाटेपासून पेपर, दिवसा बातम्या, संध्याकाळी जाहिरातींसाठी दारोदार. त्याला रविवार तरी असतो का, मी विचारलं नाही. त्याच्याविषयीचा राग मला हवा होता, तो कमी झालेला परवडणार नव्हता.

"आणि ती विद्यार्थिनी?"

"थे तं खरंच हाये ना वयनी," तो म्हणाला.

सोमवारी खुलासा दिला. निवेदन स्वीकारायला साहेबांच्या दालनात होते, एवढंच लिहिलं. फोटो कुणी काढला ते लिहिलं नाही. शिष्टमंडळाच्या पुढाऱ्याकडून अख्खा फोटो मागवला होता, त्यात मी स्पष्ट दिसते, तोंड वाकडं करून उभी. तो जोडला. नायब साहेब म्हणाले, "झालं. विषय संपला." दुपारी मी माझा डबा उचलून शेजारच्या टेबलावर गेले. सहकारी बाईनं जागा करून दिली. म्हणाली, "तुमी माह्यावरच घेतलं होतं ना, ताई?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मले समजलं होतं. मीबी तुमच्यावर घेतलं असतं." आणि भाजी पुढे सरकवली. त्या दिवशी वांगी होती. जेवण चांगलं झालं, पण पहिल्यासारखं गप्पांत वेळ कळला नाही असं झालं नाही.

मे संपता संपता बदल्यांची यादी निघाली. सहकारी बाईचंही नाव नव्हतं, माझंही नव्हतं. वर्ध्याच्या जागेवर भलत्याच तालुक्यातला कुणी आला. मी नायब साहेबांना विचारलं, त्या खुलाशामुळे झालं का? ते म्हणाले, "छे, त्याचा काही संबंध नाही, मॅडम. प्रशासकीय कारण." बोलताना ते खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. संबंध नसेलही. असेलही. कोणत्याही कागदावर ते लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी मी मानलं असतं असं नाही.

घरी सांगायचं होतं. शनिवारी दुपारी मुलगी धाम नदीवरून कपडे धुऊन आलेल्या आजीला दोरीवर लुगडं वाळत घालू लागत होती. मी ओट्यावर बसून सांगितलं की या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं जिभेवर आलेलं गिळलं. आत्याबाई आत गेल्या.

मुलीनं लुगड्याचं टोक ताणून नीट केलं. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "माह्या फोटोमुळं झालं काय, आई?"

"नाही," मी म्हटलं. "छे. त्याचा काही संबंध नाही. प्रशासकीय कारण आहे."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी नायब साहेबांकडे पाहिलं होतं तसंच, अगदी तसंच. मग टोपल्यातलं शेवटचं कापड झटकून दोरीवर टाकत तिनं विचारलं की सोमवारी मी किती वाजताच्या बसनं जाणार.